नॅस्कार कप मोसम: नव्या प्रेक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नॅस्कार म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कार रेस भरवणारी संस्था, आणि कप ही तिची सगळ्यात वरची मालिका. ही माहिती २०२६ च्या नियमांनुसार आहे. क्रमाने वाचलंच पाहिजे असं नाही, पण गुण आणि पिवळा झेंडा हे दोन भाग आधी वाचले तर बाकीचं लवकर उलगडतं.

मोसम कधी सुरू होतो आणि किती रेस असतात?

फेब्रुवारीच्या मध्यात फ्लोरिडातल्या डेटोना ५०० ने सुरुवात होते आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला शेवट. गुण मिळणाऱ्या रेस ३६, म्हणजे जवळजवळ दर रविवारी एक. याशिवाय क्लॅश आणि ऑल-स्टार या दोन रेस होतात, पण त्यांचे गुण नसतात. वेळ कमी असेल तर त्या खुशाल सोडा.

बाकीच्या खेळांत सगळ्यात मोठा सामना शेवटी असतो. इथे सगळ्यात मानाची रेस पहिलीच. त्यामुळे अनेक नवे प्रेक्षक डेटोना पाहून भारावतात, पुढच्या आठवड्यात वेगळ्याच धाटणीची रेस पाहून गोंधळतात आणि मार्चपर्यंत गळतात. डेटोनावरून मोसमाचा अंदाज बांधू नका.

त्याच वीकएंडला शुक्रवारी बहुधा ट्रक सिरीजची आणि शनिवारी ओ'रायली सिरीजची रेस असते. ओ'रायली म्हणजे २०२५ पर्यंतची एक्सफिनिटी सिरीज. उद्याचे कप ड्रायव्हर तिथे दिसतात. पहिल्या वर्षी मात्र फक्त कप धरून चाला.

सगळ्या ३६ पाहणं शक्य नाही. कोणत्या निवडू?

डेटोना ५०० तर हवीच. मग मेच्या शेवटच्या वीकएंडची शार्लटची कोका-कोला ६००, मोसमातली सगळ्यात लांब रेस: दीड मैलाच्या ट्रॅकवर ४०० लॅप, म्हणजे ४०० फेऱ्या. ती दिवसाउजेडी सुरू होऊन रात्री दिव्यांखाली संपते. ट्रॅक थंड होत जातो तशी गाड्यांची पकड बदलते, आणि दुपारी मागे पडलेली गाडी रात्री पुढे येते. सप्टेंबरच्या सुरुवातीला, लेबर डेच्या रविवारी, डार्लिंग्टनची सदर्न ५००. हा ट्रॅक अंड्याच्या आकाराचा आहे, दोन टोकांची वळणं सारखी नाहीत, आणि जोरात जायचं तर गाडी भिंतीला जवळजवळ घासूनच न्यावी लागते. सप्टेंबरमधली ब्रिस्टलची रात्रीची रेस: अर्ध्या मैलाचा काँक्रीटचा ट्रॅक, चारी बाजूंनी उंच स्टँड. ऑक्टोबरमधलं टॅलाडेगा. मग मार्टिन्सव्हिल आणि शेवटचं होमस्टेड.

या सात पाहिल्या आणि बाकीच्यांचे हायलाइट्स पाहून गुणतक्ता चाळत राहिलात, तर मोसम नीट कळतो. ३६ रेसचे फक्त शेवटचे वीस लॅप पाहणाऱ्यापेक्षा सात रेस पूर्ण पाहणाऱ्याला जास्त समजतं. निकाल कशामुळे लागला ते बहुतेक वेळा मधल्या तासात ठरतं.

भारतात रेस किती वाजता दिसते?

वेळापत्रक अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेत छापतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत त्या वेळेत साडेनऊ तास मिळवा, उरलेल्या काळात साडेदहा. म्हणजे रविवारी दुपारी ३ ची रेस उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री १२.३० ला, तांत्रिकदृष्ट्या सोमवारी. डेटोना ५०० फेब्रुवारीत असते. तिकडे दुपारी २.३० म्हणजे इथे रात्री १. शनिवारी संध्याकाळी ७.३० ची रात्रीची रेस रविवारी पहाटे ५ ला येते, आणि नोकरदारांना खरी सोयीची हीच. कोका-कोला ६०० सोमवारी पहाटे ३.३० च्या सुमारास सुरू होते आणि चार तासांहून जास्त चालते, त्यामुळे त्या सोमवारी रजाच टाकलेली बरी.

दोन ठिकाणी हमखास चूक होते. फिनिक्स किंवा लास वेगास पश्चिमेला आहे म्हणून लोक तिथल्या स्थानिक वेळेचं गणित करतात. छापलेली वेळ पूर्वेचीच असेल तर पुन्हा काही मिळवायचं नाही. दुसरं म्हणजे छापलेली वेळ प्रक्षेपणाची असते. रेस सुरू करणारा हिरवा झेंडा त्यानंतर साधारण पंधरा-वीस मिनिटांनी पडतो, तेवढी झोप जास्त घेता येते.

रात्र जागायची नसेल तर पहाटे उठून रेकॉर्डिंग पाहा. त्यासाठी रविवारी रात्रीच नॅस्कार ॲपच्या सूचना बंद करा आणि सकाळी यूट्यूबचं मुखपृष्ठ उघडू नका. हायलाइट्सच्या चित्रातच विजेता हसत उभा असतो.

रेस कुठे पाहायची?

अमेरिकेत २०२५ पासून सात वर्षांचा करार आहे. मोसमाचा पहिला भाग फॉक्सकडे, मग पाच रेस प्राइम व्हिडिओवर, पाच टीएनटीवर आणि शेवटच्या १४ एनबीसी व यूएसए नेटवर्कवर. एकाच ठिकाणी सगळा मोसम मिळत नाही. अमेरिकेतल्या चाहत्यांची ही मोठी कुरकुर आहे आणि ती रास्त आहे.

अमेरिकेबाहेर हक्क देशागणिक वेगळे आणि बदलते असतात. मोसम सुरू होण्याआधी नॅस्कारच्या अधिकृत साइटवर आपल्या देशाची नोंद तपासा. अधिकृत यूट्यूब चॅनेलवर प्रत्येक रेसचे लांब हायलाइट्स येतात, तर नॅस्कार क्लासिक्स या साइटवर जुन्या रेस पूर्ण पाहायला मिळतात. चोरट्या लिंकांच्या नादी लागू नका. त्या नेमक्या शेवटच्या दहा लॅपमध्ये बंद पडतात.

चित्र नसेल तर रेडिओ ऐका. एमआरएन आणि पीआरएन ही दोन रेडिओ नेटवर्क ट्रॅकच्या मालकीनुसार रेस वाटून घेतात. वळणावळणावर त्यांचा एकेक समालोचक उभा असतो. गाड्या त्याच्यासमोरून गेल्या की पुढचा बोलू लागतो. सोबत ॲपवर लाइव्ह क्रमवारी उघडी ठेवली तर टीव्हीपेक्षा फार कमी काही हुकतं.

गुण कसे मोजतात?

प्रत्येक रेस साधारण तीन स्टेजमध्ये विभागलेली असते. कोका-कोला ६०० चार स्टेजची. शेवटचं स्टेज सोडून प्रत्येक स्टेज संपताना पहिल्या दहांना १०, ९, ८ असे उतरत्या क्रमाने गुण मिळतात. रेस जिंकणाऱ्याला ५५, दुसऱ्याला ३५, तिसऱ्याला ३४ आणि तसंच एकेक कमी होत ३६ व्या क्रमांकाला १. त्याखालच्यांनाही १.

एक उदाहरण करून पाहा. 'अ' दिवसभर पंधराव्या-विसाव्या जागेवर राहिला, स्टेजचा एकही गुण नाही, शेवटच्या पिट स्टॉपला (टायर-इंधनासाठीच्या थांब्याला) योग्य जुगार खेळला आणि जिंकला: ५५ गुण. 'ब' ने दोन्ही स्टेज जिंकली आणि रेसमध्ये दुसरा आला: १० + १० + ३५, म्हणजे तेवढेच ५५. २०२५ पर्यंत विजयाला ४० गुण होते, तेव्हा अशा दिवशी 'ब' पंधरा गुणांनी पुढे राहायचा. विजयाची किंमत वाढवली, पण दिवसभर पुढे राहणाऱ्यालाही मार बसू दिला नाही. हा बदल आम्हाला पटलेला आहे.

चेस म्हणजे काय? प्लेऑफ गेले का?

गेले. २०१४ ते २०२५ या काळात बाद फेऱ्या होत्या. १६ जण सुरू करायचे, दर तीन रेसनंतर चार जण गळायचे, आणि शेवटच्या रेसमध्ये उरलेल्या चौघांत जो पुढे तो विजेता. वर्षभराचा हिशोब एका दुपारवर यायचा. २०२५ ला फिनिक्समध्ये डेनी हॅमलिनने २०० हून जास्त लॅप आघाडी घेतली होती आणि विजेतेपद काही लॅपवर आलं होतं. तेवढ्यात विल्यम बायरनचा टायर गेला आणि पिवळा झेंडा आला. हॅमलिनने चार टायर बदलले, काइल लार्सनने दोनच. लार्सन पुढे निघाला, तिसरा आला आणि विजेता झाला, तेही त्या रेसमध्ये एकही लॅप आघाडी न घेता. रेस जिंकली रायन ब्लेनीने.

२०२६ पासून जुनी चेस पद्धत परतली आहे. पहिल्या २६ रेसनंतर गुणांनुसार पहिले १६ चेसमध्ये जातात. एक रेस जिंकली म्हणून थेट प्रवेश आता नाही. गुण नव्याने मांडले जातात: पहिल्याला २१००, दुसऱ्याला २०७५, तिसऱ्याला २०६५, मग पाच-पाच कमी होत सोळाव्याला २०००. पुढच्या दहा रेसमध्ये कोणी बाद होत नाही. शेवटी ज्याचे गुण जास्त तो विजेता.

पाहणाऱ्याने आकडा असा वाचावा: पहिला आणि सोळावा यांच्यात १०० गुण, म्हणजे दहा रेसमध्ये दर रेसला दहा गुण भरून काढायचे. अवघड, पण अशक्य नाही. पहिला आणि दुसरा यांच्यातली २५ गुणांची दरी मात्र एका वाईट दिवसात पुसली जाते. म्हणून ऑगस्टमध्ये सोळाव्या जागेची चढाओढ आणि पहिल्या जागेची चढाओढ अशा दोन्ही पाहण्यासारख्या असतात. मधले आठ-दहा जण त्या काळात तुलनेने निवांत असतात. चेस डार्लिंग्टनला सुरू होते आणि होमस्टेडला संपते. वाटेत टॅलाडेगा आहे. तिथे दुसऱ्याच्या चुकीने आपली गाडी मोडते, त्यामुळे तोवर आघाडी राखून ठेवलेली बरी.

पिवळा झेंडा आला की नेमकं काय होतं?

अपघात, ट्रॅकवर तुकडा किंवा स्टेजचा शेवट, यांपैकी काही झालं की पिवळा. गाड्या पेस कारच्या, म्हणजे हळू चालून सगळ्यांना रोखणाऱ्या गाडीच्या, मागे जमतात, त्यामुळे वीस सेकंदांची आघाडी शून्य होते. सुरुवातीला पिट रोड, म्हणजे थांब्यांचा रस्ता, बंद असतो. तो उघडला की आधी आघाडीच्या लॅपवरच्या गाड्या आत जातात, लॅपने मागे असलेल्या पुढच्या फेरीला.

लॅपने मागे पडलेल्यांपैकी जो सगळ्यात पुढे असतो त्याला एक लॅप परत मिळतो; यालाच 'लकी डॉग' म्हणतात. झेंडा त्याच्याच चुकीने आला असेल तर मिळत नाही. पुढचे सगळे पिटमध्ये गेले आणि लॅपने मागे असलेली गाडी बाहेरच राहिली, तर तिला पुढून वळसा घालून मागे येऊ देतात आणि तिचाही लॅप सुटतो. मात्र तिच्याकडे जुने टायर आणि कमी इंधन राहतं. समालोचक 'वेव्ह अराउंड' म्हणतात ते हेच.

रिस्टार्टआधी ओव्हल (लंबगोल) ट्रॅकवर प्रत्येक ड्रायव्हर आतली किंवा बाहेरची रांग निवडतो. सहाव्या क्रमांकाची गाडी रिकाम्या रांगेत शिरून पहिल्या ओळीत उभी राहू शकते. हा क्षण टीव्हीवर जेमतेम दोन सेकंद दिसतो आणि नवखे त्यावेळी चहा आणायला उठतात. उठू नका.

ठरलेल्या लॅप संपताना पिवळा असेल तर ओव्हरटाइम: दोन लॅपची हिरवी रेस. पुढच्या गाडीने पांढरा झेंडा (शेवटच्या लॅपची खूण) घेण्याआधी पुन्हा अपघात झाला तर पुन्हा प्रयत्न, कितीही वेळा. पांढरा घेतल्यावर मात्र पुढचा कोणताही झेंडा रेस संपवतो. म्हणून ५०० मैलांची रेस बरेचदा ५०० पेक्षा जास्त होते आणि ज्यांनी इंधन काटेकोर मोजलेलं असतं ते कोरडे पडतात.

मधल्या शंभर लॅपमध्ये पाहायचं काय?

तीन गोष्टी: इंधन, टायर आणि कोण कधी थांबलं.

टाकी २० गॅलनची, म्हणजे सुमारे ७५ लिटर. दीड मैलाच्या ट्रॅकवर ती साधारण ६० लॅप पुरते असं धरा. लास वेगासची रेस २६७ लॅपची. दुसरं स्टेज १६५ व्या लॅपला संपलं आणि सगळ्यांनी टाकी भरली, तर उरल्या १०२ लॅप. एका टाकीत होत नाही, दोन टाक्यांत भरपूर होतं. २६७ मधून ६० वजा करा: २०७. त्यानंतर थांबलेली गाडी शेवटपर्यंत जाऊ शकते, आणि २२५ च्या आसपास सगळ्यांनाच थांबावं लागेल. समालोचक 'फ्युएल विंडो' म्हणतात ती ही २०७ ते २२५ मधली जागा. हे गणित रेस सुरू असताना कागदावर करून ठेवा. पडद्यावरची क्रमवारी त्या वीस लॅपमध्ये काहीच सांगत नाही.

आता टायर. झिजलेल्या टायरवर लॅपची वेळ वाढते. २०७ लाच थांबलेली गाडी नव्या टायरवर पुढच्या काही लॅप बरीच वेगात जाते, म्हणून लवकर थांबणाऱ्याचा फायदा. धोका असा की दीड मैलाच्या ट्रॅकवर हिरव्या झेंड्यात पिटला जाऊन यायला जवळजवळ एक लॅप खर्ची पडतो. तुम्ही थांबलात, बाकीचे अजून बाहेर आहेत आणि तेवढ्यात पिवळा आला, तर तुम्ही लॅपने मागे. बाकीचे आरामात थांबून पुढेच राहतात. क्रू चीफ, म्हणजे गाडीचे डावपेच ठरवणारा, लवकर थांबायला का कचरतो ते यातून कळेल.

डेटोना आणि टॅलाडेगाला उलटंच दृश्य दिसतं. पुढच्या गाड्या मुद्दाम हळू, अर्ध्या थ्रॉटलवर चालतात. इंधन वाचलं की पिटमध्ये कमी भरावं लागतं आणि तेवढे सेकंद वाचतात. तीन-तीन रांगांत चिकटलेल्या गाड्या थरारक दिसतात, पण त्यातला बराच वेळ बचतीचाच असतो. हा प्रकार बहुतेक चाहत्यांना आवडत नाही आणि आम्हालाही नाही.

पिट स्टॉपमध्ये कोण काय करतं आणि चुका कुठे होतात?

भिंतीवरून पाच जण उडी मारतात: दोन टायर बदलणारे, एक टायर आणणारा, एक जॅकवाला, एक इंधनवाला. आधी उजवी बाजू, मग डावी. २०२२ पासूनच्या नेक्स्ट जेन गाडीला प्रत्येक चाकाच्या मध्यभागी एकच नट असतो, पूर्वी पाच असायचे. चांगला क्रू चार टायर नऊ-दहा सेकंदांत बदलतो. रिकामी टाकी पूर्ण भरायला मात्र त्याहून जास्त वेळ लागतो, म्हणून जॅक खाली आल्यावरही गाडी थांबलेली दिसली तर अडचण टायरची नसून इंधनाची आहे असं समजा.

सगळ्यात जास्त शिक्षा वेगमर्यादेच्या. गाडीत स्पीडोमीटर नसतो. ड्रायव्हर इंजिनाच्या फेऱ्या पाहून वेग राखतो. पिट रोडचे तुकडे पाडलेले असतात आणि प्रत्येक तुकड्यातला सरासरी वेग मोजतात. आपला थांबा ज्या तुकड्यात आहे तिथे थांबण्याचा वेळ धरला जातो, म्हणून तेवढ्यात जरा जोरात जाऊन चालतं. ड्रायव्हर नेमका तिथे कसर काढायला जातो आणि पुढच्या तुकड्यात पकडला जातो. हिरव्या झेंड्यात शिक्षा झाली तर पिट रोडवरून पुन्हा एकदा जावं लागतं, पिवळ्यात झाली तर रांगेच्या शेवटी. टायर हातातून सुटून घरंगळला तरी शिक्षा. चाक ट्रॅकवर निखळलं तर दोन लॅपची शिक्षा आणि क्रूमधल्या दोघांना दोन रेसची बंदी.

'लूज' आणि 'टाइट' म्हणजे काय? रेडिओवर सारखं हेच ऐकू येतं.

लूज म्हणजे वळणात मागची चाकं बाहेर सरकतात, गाडी फिरायला बघते. टाइट म्हणजे स्टीअरिंग वळवूनही पुढचं टोक सरळ भिंतीकडे जातं. टाइट गाडी हळू पण सुरक्षित, लूज गाडी वेगवान पण घाबरवणारी. उपाय दोनच सोपे: टायरमधली हवा कमी-जास्त करणं आणि मागच्या काचेतून लांब पाना घालून स्प्रिंगवरचा भार बदलणं. पिट स्टॉपमध्ये एखादा मागच्या काचेपाशी पाना फिरवताना दिसला, तर पुढच्या दहा लॅप त्या गाडीची वेळ पाहा. फिरवलेला पाना कामी आला की नाही ते कळतं.

गाड्यांचे रंग दर आठवड्याला बदलतात. ओळखायच्या कशा?

रंग प्रायोजकाचे असतात, त्यांच्यावर विसंबू नका. नंबर पाहा, दोन्ही दारांवर आणि छतावर असतो. लार्सन ५, चेस एलियट ९, हॅमलिन ११, ब्लेनी १२, जोई लोगानो २२, बायरन २४, टायलर रेडिक ४५. एवढे सात पाठ करा. मागच्या बंपरवर पिवळा पट्टा असेल तर ड्रायव्हर नवखा आहे. कंपन्या तीनच: शेव्हरले, फोर्ड आणि टोयोटा.

पडद्यावर एकूण ३६ ते ४० गाड्या दिसतात. ३६ गाड्यांकडे चार्टर असतो, म्हणजे प्रत्येक रेसमध्ये जागा पक्की. उरलेल्या चार जागा खुल्या. डेटोनाला गुरुवारी होणाऱ्या ड्युएल नावाच्या दोन छोट्या रेस त्यासाठीच बघाव्यात: चार्टर नसलेल्या संघाचं वर्षभराचं आर्थिक गणित त्या संध्याकाळी ठरू शकतं.

फक्त डावीकडे वळायचं, त्यात काय अवघड?

ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास, शेजारी हातभर अंतरावर दुसरी गाडी, आणि टायर झिजत चाललेले. शिवाय ट्रॅक एकसारखे नाहीत. टॅलाडेगाची वळणं ३३ अंश कललेली आहेत, मार्टिन्सव्हिलची जवळजवळ सपाट. तिथे खरी परीक्षा ब्रेकची. वर्षात काही रेस उजवी-डावी वळणं असलेल्या रोड कोर्सवर होतात आणि तिथे न्यूझीलंडचा शेन व्हॅन गिसबर्गेन बाकीच्यांना धडे देतो.

मार्टिन्सव्हिललाच ऑक्टोबर २०२२ मध्ये रॉस चॅस्टेनने शेवटच्या वळणांत ब्रेक न लावता गाडी भिंतीला टेकवून पूर्ण वेगाने ओढली आणि पाच गाड्या मागे टाकल्या. पुढच्या मोसमाआधी नॅस्कारने स्पष्ट केलं की पुन्हा असं केलं तर शिक्षा. तो व्हिडिओ नक्की पाहा.

रेस संपली, विजेता ठरला. मग मंगळवारी बातमी वेगळी कशी?

रेसनंतर पुढच्या गाड्यांची लेझर स्कॅनने आणि हाताने तपासणी होते. नियमबाह्य काही सापडलं तर विजयही जातो. जुलै २०२२ मध्ये पोकोनोला पहिला आलेला हॅमलिन आणि दुसरा काइल बुश दोघेही बाद झाले आणि तिसरा आलेला एलियट विजेता ठरला. काही भाग संशोधन केंद्रात नेऊन उघडतात, त्याच्या शिक्षा आठवड्याच्या मध्यात जाहीर होतात. त्यामुळे गुणतक्ता बुधवारनंतर उतरवून घ्या.

पाऊस पडला तर?

ओव्हलवर भर पावसात रेस होत नाही. लहान ओव्हलवर ट्रॅक ओलसर असेल तर खाचांचे टायर लावून चालवतात. रोड कोर्सवर पावसातही. मोठा ट्रॅक वाळवायला तास दोन तास सहज जातात. अर्धी रेस किंवा दुसरं स्टेज, यांपैकी जे आधी होईल ते पूर्ण झालं असेल तर निकाल ग्राह्य धरता येतो. म्हणून ढग दिसले की दुसऱ्या स्टेजचा शेवट हाच रेसचा शेवट असल्यासारखे सगळे चालवू लागतात. २०२४ ची डेटोना ५०० पावसाने सोमवारी गेली होती. तिकीट काढून जाणार असाल तर सोमवारी परतीचं विमान ठेवू नका.

अमेरिकेत राहतो, प्रत्यक्ष जायचं आहे. कुठे जाऊ?

न्यू जर्सीकरांना पेनसिल्व्हेनियातलं पोकोनो गाडीने साधारण दोन तासांवर. अटलांटाचा ट्रॅक शहराच्या दक्षिणेला हॅम्प्टनला, डॅलसकरांना फोर्ट वर्थचा टेक्सस मोटर स्पीडवे, शिकागोकरांना २०२६ पासून जोलिएटचा शिकागोलँड पुन्हा सुरू. बे एरियातून सोनोमा जवळ आहे, पण हायवे ३७ रेसच्या सकाळी तुंबतो. हिरव्या झेंड्याआधी किमान चार तास निघा. मे ते जुलैमध्ये आई-बाबा भारतातून आलेले असतील तर पोकोनो किंवा सोनोमा त्यांना झेपतं. टेक्ससच्या उन्हात स्टँडवर साडेतीन तास बसवू नका.

जागा कोणती घ्यावी आणि सोबत काय न्यावं?

जागा वरची. खालच्या दहा रांगा स्वस्त असतात ते उगाच नाही: समोर कुंपणाची जाळी, दूरचा अर्धा ट्रॅक दिसत नाही आणि टायरच्या रबराचे कण अंगावर येतात. ब्रिस्टल आणि मार्टिन्सव्हिलला कुठूनही पूर्ण ट्रॅक दिसतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने यांपैकी एक निवडावं. मोठ्या ट्रॅकवर पिट रोडच्या बाहेर पडण्याच्या टोकासमोर, शक्य तितकं उंच.

कानांची काळजी हौसेची गोष्ट नाही. फोमचे इअरप्लग चोळून बारीक करा, कान वर ओढून आत घाला आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवा. नुसते बाहेर चिकटवले तर काही उपयोग नाही. लहान मुलांना कानावर बसणारे मफ लागतात आणि ते घरी आधी तासभर घालून सवय करा, नाहीतर ट्रॅकवर पाच मिनिटांत काढून टाकतात.

बहुतेक ट्रॅकवर घरचं खाणं-पिणं नेता येतं, अमेरिकी खेळांत हे दुर्मीळ. मऊ कापडी कूलर, साधारण १४ इंच लांब-रुंद-उंच, काचेची बाटली नाही. बॅगेचे नियम ट्रॅकनुसार बदलतात, आदल्या दिवशी वाचा. थेपले, दशम्या, कोरडी चटणी उन्हात टिकतात, दही-भात नको.

स्कॅनर भाड्याने मिळतो आणि तो घ्याच. हेडफोन मफसारखेच कान झाकतात आणि आत ड्रायव्हर, क्रू चीफ व स्टँडच्या माथ्यावरून वाट सांगणारा स्पॉटर यांचं बोलणं येतं. सगळ्यांचं ऐकायचा प्रयत्न करू नका. दोन ड्रायव्हर निवडा, एक पुढचा आणि एक पंधराव्या जागेच्या आसपासचा. दुसऱ्याचा रेडिओ जास्त मजेशीर असतो, कारण जुगार त्यालाच खेळायचे असतात. घरून पाहणाऱ्यांना हेच बोलणं नॅस्कार ॲपमधून ऐकता येतं; फक्त टीव्हीचं चित्र आवाजाच्या मागे-पुढे पडतं, तेव्हा एखाद्या रिस्टार्टला स्पॉटरचा 'ग्रीन, ग्रीन' आणि पडद्यावरचा झेंडा ताडून किती सेकंदांचा फरक आहे ते मोजून ठेवा.